रोहिणी सूर्याआड असताना : भंडारदऱ्याच्या तीन काळोख्या रात्री

आईला पावसाची नक्षत्रे ओळीने पाठ आहेत. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि हस्त ही नऊ नावे ती श्वास न घेता म्हणते, कारण तिचे बालपण शेतीच्या घरात गेले आणि तिथे पेरणीपासून कापणीपर्यंतची सगळी बोलणी याच नावांनी होत असत. मात्र ज्या ताऱ्यांवरून ही नावे आली ते तारे तिला कोणी कधी दाखवलेच नव्हते. बारा वर्षांच्या भाच्याला ग्रह पाहायचे होते आणि मला काजवे पाहायचे होते. २०२२ च्या मे महिन्यातली अमावास्या सोमवारी, ३० तारखेला होती. तारे आणि काजवे या दोघांनाही काळोख लागतो आणि सह्याद्रीत काजवे मेच्या उत्तरार्धापासून जोराचा पाऊस सुरू होईपर्यंतच दिसतात. त्यामुळे तिघांच्या तीन इच्छा एकाच दौऱ्यात बसल्या.

पहिला दिवस : शनिवार, २८ मे

घोटीमार्गे दुपारी शेंडीला पोहोचलो. शेंडी हे भंडारदरा धरणाच्या पायथ्याचे गाव आहे. १९२६ साली पूर्ण झालेल्या या धरणात प्रवरेचे पाणी अडवलेले आहे आणि मेअखेरीस त्याची पातळी इतकी खाली गेलेली असते, की काठावर लाल मातीचे रुंद पट्टे उघडे पडलेले दिसतात. आमचा मुक्काम धरणावरच्या हॉटेलात नव्हता. तिथून पुढे मुतखेलच्या बाजूला एका शेतकरी कुटुंबाच्या घरी आम्ही उतरलो होतो. घरातील आजोबा सत्तरीच्या पुढचे होते. आम्ही तारे पाहायला आलो आहोत हे कळल्यावर त्यांनी सर्वप्रथम अंगणातला दिवा कोणत्या बटणाने बंद होतो ते दाखवले. निवासाची जागा निवडताना खोल्यांपेक्षा हे विचारावे, असे मी अनुभवाने सांगेन. अंगणातला एक पांढरा दिवा रात्रभर जळत असेल, तर गाव कितीही दूर असले तरी आकाश हाती लागत नाही.

संध्याकाळी पश्चिमेला ढग होते, पण आठनंतर ते विरळ झाले. अंगणात गोधड्या अंथरून आम्ही आडवे झालो आणि पहिली वीस मिनिटे काहीच शोधायचे नाही, असा नियम केला. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिले, की ती सवय मोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाचे दोन पदर बांधले होते. लाल प्रकाशाने ही सवय फारशी बिघडत नाही.

नवख्याने सुरुवात सप्तर्षींपासून करावी, हे माझे ठाम मत आहे. मेअखेरीस रात्री साडेआठला ते उत्तरेकडे उंचावर, पालथ्या पळीसारखे दिसतात. आजोबा त्यांना बाजले म्हणत. चार तारे म्हणजे बाजेचे चार खूर आणि मागचे तीन म्हणजे बाज चोरायला आलेले चोर. त्या चार खुरांपैकी पश्चिमेकडच्या दोन ताऱ्यांमधून, म्हणजे पुलहापासून क्रतूकडे, सरळ रेषा काढून ती त्यांच्यातील अंतराच्या पाचपट पुढे नेली, की ध्रुव सापडतो. भाच्याला मी हात लांब करून मूठ धरायला सांगितली. लांब केलेल्या हाताची मूठ आकाशात साधारण दहा अंश व्यापते. क्षितिजापासून ध्रुवापर्यंत त्याच्या दोन मुठींत थोडे कमी भरले, आणि भंडारदऱ्याचे अक्षांश साडेएकोणीस आहेत. ध्रुवाची उंची म्हणजे आपण उभे आहोत तिथले अक्षांश, हे त्याने पुस्तकात वाचले होते. आता ते त्याने स्वतःच्या मुठीने मोजले. कळसूबाईची रांग उत्तरेलाच असल्यामुळे महाराष्ट्राच्या सर्वात उंच शिखराच्या बाजूला ध्रुव टेकल्यासारखा दिसत होता.

बाजल्याच्या शेपटीतील मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला चिकटून असलेली अंधूक अरुंधती. लग्नात मुलीला अरुंधती दाखवतात, म्हणून आईने ते नाव हजारदा ऐकले होते. पण तिच्या स्वतःच्या लग्नात गुरुजींनी दुपारी मांडवाच्या छताकडे बोट केले होते. आज अठ्ठेचाळीस वर्षांनी तिला अरुंधती दिसली. ती बराच वेळ काही बोलली नाही.

शेपटीची कमान तशीच पुढे वळवत नेली, की नारिंगी स्वाती लागते आणि आणखी पुढे पांढरी चित्रा. स्वातीचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ३७ वर्षे लागतात, म्हणजे त्या रात्री आम्ही पाहिलेला प्रकाश १९८५ च्या सुमारास निघाला होता. ते माझ्या बहिणीचे, म्हणजे भाच्याच्या आईचे जन्मवर्ष. चित्रा सुमारे २५० प्रकाशवर्षे दूर आहे. तिचा प्रकाश निघाला तेव्हा थोरल्या माधवराव पेशव्यांचा काळ संपत आला होता. अंतरे अशी माणसांच्या काळाशी बांधून सांगितली तर मुलांच्या लक्षात राहतात.

दक्षिणेकडे मात्र निराशा झाली. मला त्रिशंकू दाखवायचा होता, पण घराच्या दक्षिणेला डोंगर होता आणि त्रिशंकूचा केवळ माथ्याचा तारा धारेवर, धुळकट हवेत, मिणमिणत होता. या अक्षांशावरून त्याचा पायाचा तारा क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर येतो. दक्षिणेकडचे तारे पाहायचे असतील तर जागा दिवसाउजेडी पाहून ठेवावी. दक्षिण क्षितिजावर अर्ध्या मुठीहून उंच काही नसावे.

दुसरा दिवस : रविवार, २९ मे

पहाटे साडेतीनला उठलो. आजोबा आमच्या आधी उठून ओसरीवर बसले होते. आग्नेयेला उंचावर पिवळसर शनी होता आणि पूर्वेला गुरू व मंगळ एकमेकांना जवळजवळ भिडले होते. त्या दिवशी त्यांची युती होती; दोघांत पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त अंतर उरले होते. गुरू ठसठशीत पांढरा आणि त्याला लागून मंगळाचा तांबूस ठिपका. एवढ्या जवळून रंगांतला फरक नवख्यालाही समजावून सांगावा लागत नाही. १० गुणिले ५० ची दुर्बीण ओसरीच्या खांबाला टेकवून धरली तेव्हा गुरूच्या कडेला त्याचे चंद्र बारीक ठिपक्यांसारखे दिसले. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत हेच पाहिले होते. सुरुवातीलाच महागडा टेलिस्कोप घेणाऱ्यांना मी नेहमी दुर्बीण घ्या म्हणते: ती हातात धरता येते, रुंद भाग दाखवते आणि दिवसा पक्षी पाहायलाही उपयोगी पडते. ती कशाला तरी टेकवून धरली, तरच गुरूचे चंद्र दिसतात, हे मात्र विसरू नये.

चारनंतर डोंगराआडून शुक्र आला. त्याला ओळखायला कोणाचीच मदत लागली नाही; आजोबा म्हणाले, “शुक्राची चांदणी निघाली, आता बाया जात्यावर बसायच्या.” जाती आता त्या घरात नाहीत, पण वेळ सांगण्याची ती रीत त्यांच्या बोलण्यात राहिली आहे. उजाडताना झाडीतून पावशा ओरडू लागला. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असे त्याचे शब्द मराठी माणसाने ठरवून टाकलेले आहेत आणि एकदा ते कानात बसले, की दुसरे काही ऐकूच येत नाही.

सकाळभर झोप काढली. रात्री जागायचे असेल तर दिवसा भटकण्याचा मोह आवरावा लागतो. दुपारच्या जेवणात नागलीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे आणि लसणाचा ठेचा होता. नंतर घरच्या मुलांनी द्रोणात करवंदे आणून दिली. तीनच्या सुमारास हवा एकदम कोंदली, कळसूबाईकडून काळे ढग आले आणि तासभर वळीव कोसळला. भाचा हिरमुसला. मला मात्र आनंद झाला, कारण मेमधली हवेतली धूळ अशाच पावसाने खाली बसते.

आणि तसेच झाले. सात वाजेपर्यंत आभाळ धुऊन निघाले. आजोबांच्या मुलाने आम्हाला एका उघड्या माळावर नेले, जिथून दक्षिणेकडचे डोंगर दूर आणि बुटके दिसत होते. पावणेनऊच्या सुमारास मी आईला दक्षिणेकडे तोंड करून उभे केले. चित्रेच्या उजवीकडे, किंचित खाली, चार तारे एका वाकड्या चौकोनात दिसतात. तो हस्त. “हत्तीचा पाऊस पडतो तोच हा?” आईने विचारले. तोच. त्या चौकोनातून डोळे सरळ खाली क्षितिजापर्यंत उतरवले, आणि तिथे, दोन डोंगरांच्या मधल्या मोकळ्या जागेत, त्रिशंकू उभा होता. चारही तारे स्पष्ट दिसत होते. विश्वामित्राने वर पाठवलेला आणि देवांनी खाली ढकललेला राजा मधेच लोंबकळत राहिला, ही गोष्ट ज्यांनी रचली त्यांनी हे दृश्य आपल्याच अक्षांशांवरून पाहिले असणार. स्वर्गात चढू न शकलेला आणि जमिनीलाही न टेकलेला असा हा तारकासमूह इथून खरोखरच तसा दिसतो.

पुढे रात्र चढत गेली तशी नरतुरंग या दक्षिणेकडच्या तारकासमूहाची मंडळी वर आली. साडेनऊच्या आधी ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दुर्बिणीत कापसाच्या बोळ्यासारखा दिसला. तो सुमारे १७,००० प्रकाशवर्षे दूर असून त्यात एक कोटीच्या आसपास तारे आहेत. असे अंधूक काही पाहताना त्याच्यावर थेट नजर रोखू नये, किंचित बाजूला पाहावे. डोळ्याचा मधला भाग रंग टिपण्यात पटाईत असला, तरी मंद प्रकाश कडेच्या भागाला अधिक कळतो. साडेदहाला नरतुरंगातला ‘मित्र’ नावाचा तारा दक्षिणेला सर्वात उंच होता. सूर्याचा हा शेजारी फक्त ४.३७ प्रकाशवर्षांवर आहे. त्याच वेळी डोक्यावर मान मोडून पाहिले तर स्वाती होती. तिची आकाशातली जागा अशी आहे, की भंडारदऱ्यावरून जाताना ती जवळजवळ नेमकी माथ्यावरून जाते.

आईने प्रश्न विचारला तो याच सुमारास. आता आठ-दहा दिवसांत मृग लागणार, मग मृग दाखव. मी म्हणाले, मृग आत्ता दिसणार नाही. तिला ते पटेना, कारण ज्याचे दिवस येत आहेत तेच आकाशात नसावे हे विचित्र वाटते. मग जमिनीवर लाल विजेरी ठेवून तिला सूर्य मानले, आणि भाच्याला पृथ्वी करून तिच्याभोवती फिरवले. शेतकरी ‘नक्षत्र लागले’ म्हणतो तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात शिरलेला असतो. म्हणजे ते नक्षत्र सूर्याच्या मागे, भर दिवसाच्या उजेडात असते. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागते; आम्ही माळावर होतो त्या दिवशी सूर्य रोहिणी ताऱ्यापासून सहा अंशांच्या आसपास होता. ७-८ जूनला तो मृगात शिरतो. सत्तावीस नक्षत्रे आणि ३६५ दिवस, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला साडेतेरा दिवसांच्या आसपास येतात. पाऊस आणणारी नक्षत्रे त्या-त्या पावसात कधीच दिसत नाहीत. एरवीही त्या दिवसांत आभाळ भरलेले असते.

“म्हणजे हस्त आज दिसतोय, कारण त्याच्या पावसाला अजून चार महिने आहेत,” आई म्हणाली. मी इतक्या नेमक्या शब्दांत सांगितले नव्हते.

मग मराठी महिने दाखवायचेच राहिले होते, तेही दाखवले. पौर्णिमेला चंद्र ज्या नक्षत्रापाशी असतो, त्यावरून महिन्याचे नाव येते. माथ्याच्या दक्षिणेला चित्रा, म्हणजे चैत्र. तिच्या पूर्वेला विशाखाचे फिकट तारे, म्हणजे नुकताच सरत आलेला वैशाख. आणि आग्नेयेला वृश्चिकाच्या पोटातली लालसर ज्येष्ठा, म्हणजे परवापासून सुरू होणारा महिना. भिंतीवरच्या कालनिर्णयाची तीन पाने पश्चिमेकडून पूर्वेकडे ओळीने टांगलेली होती. १४ जूनच्या पौर्णिमेला चंद्र ज्येष्ठेपाशी असेल, हे भाच्याने वहीत लिहून घेतले.

तिसरा दिवस : सोमवार, ३० मे

सोमवती अमावास्या असल्यामुळे सकाळी रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरात दर्शनाला गर्दी होती. शिलाहारकालीन मानले जाणारे हे मंदिर बाहेरून पाहायला अर्धा तास तरी हवा. मागे रतनगड, जिथे प्रवरा उगम पावते. आम्ही पुष्करणीच्या पायऱ्यांवर बसून जांभळे खाल्ली आणि उन्हाआधी परतलो.

काजव्यांबद्दल दोन गोष्टी आधी सांगते. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे रात्री कुठपर्यंत आणि किती वाजेपर्यंत जाता येते हे वन विभागाच्या नाक्यावर विचारून घ्यावे आणि तसेच वागावे. दुसरे, शनिवार-रविवार टाळावा. आदल्या रात्री माळावरून परतताना आम्ही रस्त्यालगतच्या एका प्रसिद्ध झाडापाशी जे पाहिले त्याने जीव हळहळला. वीस-पंचवीस गाड्या हेडलाइट लावून उभ्या होत्या, मोबाइलचे फ्लॅश उडत होते, काही मुले झाड हलवत होती. झाडावर दहा-बारा काजवे उरले होते.

सोमवारी रात्री पावणेआठला आजोबांनी आम्हाला घरामागच्या ओढ्याच्या अंगाने नेले, वहिवाटेवरूनच, एकामागे एक. गवतात पाय टाकू नका, असे ते तीनदा म्हणाले, आणि त्याला कारण होते. काजव्यांच्या अळ्या ओल्या जमिनीत व पाचोळ्यात वाढतात, गोगलगायी आणि गांडुळे खातात. माद्याही बऱ्याचदा खाली झुडपांत बसलेल्या असतात. डासांचे मलम लावले नव्हते, विजेरी खिशात होती. प्रथम जमिनीलगत एक हिरवट ठिपका लुकलुकला, मग दुसरा. आजोबा एका हिरड्यापाशी थांबले. पलीकडे सादडा आणि बेहडा होता. पाच-सात मिनिटे आम्ही नुसते उभे राहिलो.

मग हिरड्याच्या एका फांदीवर उजेडाची लहर धावली. ती शेंड्यापर्यंत गेली, विझली, आणि सादड्यावर उमटली. हळूहळू त्यांचे लुकलुकणे जुळत गेले, आणि एका क्षणी सबंध हिरडा एकदम उजळायचा, एकदम काळा व्हायचा, पुन्हा उजळायचा. मधल्या काळोखात झाडाची आकृती डोळ्यांत उरायची. उडत फिरणारे ते नर, आणि हा सगळा झगमगाट माद्यांना घातलेली साद. ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य ल्युसिफेरेज या विकराच्या साहाय्याने प्राणवायूशी संयोग पावते आणि उष्णता जवळजवळ न होता प्रकाश बाहेर पडतो. प्रौढ काजव्याचे आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचे. तेवढ्यात जोडीदार सापडायला हवा. गाडीच्या एका हेडलाइटमध्ये ही साद बुडून जाते. रविवारी त्या झाडाखाली आम्ही हेच पाहिले होते.

भाच्याने फोटो काढायचा का, असे विचारले आणि स्वतःच नको म्हणाला. रातवा दूर कुठेतरी ठकठकत होता. फांद्यांच्या फटींतून मागचे तारे दिसत होते. कोणता ठिपका फांदीवरचा आणि कोणता आकाशातला, हे ओळखायला एकच खूण होती: तारे विझत नव्हते.

त्या रात्री झोपायचे नाही, असे ठरलेच होते. दीड वाजता आकाशगंगा दक्षिण क्षितिजापासून वर उठून पूर्वेकडे झुकत उत्तरेपर्यंत गेलेली होती. वृश्चिकाची नांगी आणि धनू यांच्यामध्ये ती सर्वात दाट दिसते, कारण त्या दिशेला, सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर, आपल्या दीर्घिकेचे केंद्र आहे. तिच्यातले काळे पट्टे म्हणजे रिकामी जागा नसून मागचा प्रकाश अडवणारी धूळ आहे. आई गोधडीत गुरफटून कितीतरी वेळ पाहत राहिली. आजोबांनी चुलीवरचा कोरा चहा आणून दिला. त्यांना यात नवे काहीच नव्हते, आणि तरी ते आमच्याजवळ बसून राहिले.

नवख्याला असा सोबती प्रत्येक ठिकाणी मिळेलच असे नाही. पुण्याची १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईचे खगोल मंडळ यांचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होत असतात. पहिल्या एक-दोन रात्री जाणत्यांबरोबर काढल्या, तर पुढे स्वतः वाट काढता येते. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतच्या कोरड्या हवेत, सुरुवात करणे अधिक सोपे जाते. मेअखेरीस ढगांचा भरवसा नसतो. किमान तीन रात्री हातात ठेवाव्यात.

नंतर

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आजोबांच्या मुलाचा फोन आला. पाऊस लागला होता, काजवे दिसेनासे झाले होते, भाताची रोपे टाकायची घाई होती. मृग लागला होता.

७ डिसेंबरला दत्तजयंती होती. मार्गशीर्षाची पौर्णिमा, म्हणून रात्री साडेनऊला आईला घेऊन इमारतीच्या गच्चीवर गेले. शहराच्या उजेडात आणि भरल्या चांदण्यात फारसे काही दिसणार नव्हते, पण जे दिसायला हवे होते ते दिसले. चंद्राच्या उजवीकडे तांबूस रोहिणी होती. तिच्या डावीकडे मंगळ, मेमध्ये पहाटे गुरूला भिडलेला तोच, आता कितीतरी अधिक तेजस्वी होऊन तिथवर आलेला. आणि त्याखाली, समोरच्या इमारतींच्या वर, चार कोपऱ्यांचे चार तारे आणि पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण. मी काही सांगण्याआधी आईने हात लांब केला, मूठ धरली, आणि गच्चीच्या कठड्यापासून मृगापर्यंत मोजायला सुरुवात केली.